वडिलांच्या 312 कॅसेटी: दर्जा किती राखायचा आणि सोय किती पाहायची?

पेठेतला

नमस्कार. आमची सदाशिव पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली असून दोन महिन्यांत आम्हांला कोथरूडला भाड्याच्या घरात जायचे आहे. सामान आवरताना वडिलांच्या संगीतसंग्रहाचा प्रश्न उभा राहिला आहे. मोजून 312 कॅसेटी, चाळीसएक एलपी आणि एका पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या वेळच्या लाखेच्या 19 तबकड्या आहेत. कॅसेटींपैकी निम्म्याहून अधिक बाजारात मिळणाऱ्या, म्हणजे एचएमव्हीच्या, अलूरकरांच्या वगैरे आहेत. उरलेल्या वडिलांनी स्वतः भरलेल्या. त्यांत काहींवर शनिवारी रात्री आकाशवाणीवर लागणारा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, आणि साठेक कॅसेटींवर 1979 ते 1994 या काळात आमच्या व नातेवाइकांच्या घरी झालेल्या बैठकी आहेत.

वडील 81 वर्षांचे आहेत. कॅसेट डेक बंद पडल्यापासून ते फोनवर गाणी लावून छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकतात. हवे ते गाणे क्षणात मिळते याचे त्यांना कौतुक आहे, परंतु दर दोन दिवसांनी ते एकच प्रश्न विचारतात, "यातला तानपुरा कुठे गेला?"

म्हणून प्रयोगादाखल मी बैठकींच्या दहा कॅसेटी एका दुकानात रूपांतरासाठी दिल्या. आठवड्याने पेनड्राइव्ह मिळाला, त्यावर 128 किलोबिटचे एमपी3 होते, आणि दुकानदाराने "एकदम क्लीन करून दिले आहे" असे सांगितले. घरी लावल्यावर तानपुरा पाण्यात बुडवून वाजवल्यासारखा वाटला आणि गायकाचा श्वास तर ऐकूच येईना. हा दोष एमपी3चा, दुकानदाराचा, आमच्या स्पीकरचा, की मूळ कॅसेटच आता गेली आहे, हे मला कळत नाही. नव्या घरात कपाटाचे दोनच कप्पे या संग्रहाला देता येतील, त्यामुळे सगळे ठेवणे शक्य नाही. कोणत्या दर्जाचे रूपांतर पुरेसे आहे आणि कशावर पाणी सोडावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फेडर

माझी बरीच वर्षे ध्वनिमुद्रणाच्या कामात गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. तुमच्या तक्रारीत तीन वेगवेगळे दोष एकमेकांत गुंतले आहेत.

पहिला एमपी3चा. सीडीवर दर सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट माहिती असते. 128 किलोबिटचा एमपी3 करताना तिचा जेमतेम अकरावा हिस्सा उरतो. मोठ्या आवाजाच्या आड दडलेला बारीक आवाज कानाला तसाही ऐकू येत नाही, या आधारावर काय टाकायचे ते ठरवले जाते, आणि गाण्याच्या बहुतेक भागात ही काटछाट पचूनही जाते. ती उघडी पडते दोन जागी. तानपुऱ्याच्या जवारीत, म्हणजे तारांच्या झणझणत्या गुंजनात, वरचे स्वरांश दाट आणि सतत हलते असतात, तर तबल्याच्या किनारीवरचा 'ना' एका क्षणात उसळतो. कमी बिटरेटला जवारी चिखलासारखी होते आणि 'ना'च्या किंचित आधीच एक पुसट फुसकारा येतो. 256 किंवा 320 किलोबिटला मात्र हे दोष बहुतेकांना ओळखता येत नाहीत. मी स्वतः, कोणती फाइल वाजते आहे हे न पाहता तुलना केली, तेव्हा दहापैकी सहा वेळा बरोबर सांगू शकलो. म्हणजे नाणे उडवण्यापेक्षा फार बरे नव्हे.

दुसरा दोष त्या 'क्लीन' करण्याचा, आणि माझ्या मते तुमचा तानपुरा इथेच गेला. टेपचा हिस, म्हणजे मागची सततची सरसर, काढणारे सॉफ्टवेअर आधी निव्वळ हिसचा नमुना मागते आणि नंतर सर्वत्र तसे जे काही सतत वाजत असेल ते वजा करते. बैठकीच्या मुद्रणात तानपुरा पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत चालू असतो, त्यामुळे घेतलेल्या नमुन्यातही तो असतोच, आणि हिसबरोबर त्याचीही वजाबाकी होते. गायकाचा श्वासही याच मार्गाने जातो. रूपांतराच्या मूळ प्रतीवर कोणतीही सफाई करू नये, हा नियम मी डोळे झाकून पाळतो. हिस ठेवावा, दोन मिनिटांत कान त्याला विसरतो.

तिसरा दोष हेडचा, म्हणजे डेकमधल्या फीत वाचणाऱ्या भागाचा, आणि याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी जास्त लिहितो आहे. कॅसेटची फीत 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला 4.76 सेंटिमीटर या वेगाने सरकते. आकाशवाणीच्या रीळटेप 19 किंवा 38 सेंटिमीटरने धावत असत, म्हणजे चौपट किंवा आठपट. इतक्या संथ फितीवर 10 किलोहर्ट्झच्या एका लहरीला जागा मिळते ती अवघी पावणेपाच मायक्रॉन. ज्या डेकवर कॅसेट भरली त्याच्या हेडची फट आणि ज्यावर वाजवतो त्याच्या हेडची फट यांचा कोन, ज्याला अझिमथ म्हणतात, तो केसभर जरी निराळा असला तरी वरचे सगळे आवाज पुसले जातात आणि कॅसेट "गेली" असे आपण समजतो. फार वेळा ती गेलेली नसते. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. डेक मोनोवर ठेवून, कॅसेट चालू असताना तो अगदी थोडा इकडेतिकडे फिरवावा आणि जिथे तानपुरा सर्वांत उघडा ऐकू येईल तिथे थांबावे. घरी भरलेल्या प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावे लागते. दुकानदार ते करत नाही, कारण त्याला एकेका कॅसेटमागे तेवढा वेळ परवडत नाही.

आता दर्जाचे उत्तर. साध्या फेरिक कॅसेटचा सर्वांत मोठा आवाज आणि तिचा हिस यांत साधारण 50 डेसिबलचे अंतर असते. सीडीच्या 16 बिटमध्ये 96 डेसिबल मावतात. त्यामुळे कॅसेटसाठी 192 किलोहर्ट्झ वगैरेच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करावे. मी 24 बिट, 48 किलोहर्ट्झ घेतो, आणि 24 बिट एवढ्यासाठीच की पातळी थोडी कमी ठेवून निर्धास्तपणे मुद्रण करता येते. एका तासाला साधारण 1 जीबी लागतो, फ्लॅकमध्ये (यात आवाजातले काहीही न टाकता फाइल लहान होते) त्याहून बराच कमी. तुमचा सगळा संग्रह तळहातावरच्या डिस्कवर राहील. जागेची चिंता करू नका, वेळेची करा: 312 कॅसेटी सरासरी सव्वा तासाच्या धरल्या तर 390 तास होतात, आणि टेप तिच्या वेगानेच चालते. रोज दोन तास दिले तरी साडेसहा महिने.

म्हणून आधी बैठकी, कारण त्यांची दुसरी प्रत जगात नाही. रेडिओवरून भरलेल्या नंतर. मीडियम वेव्हवरून आलेल्या आवाजात 5 किलोहर्ट्झच्या वर फारसे काही नव्हतेच, त्यामुळे तिथे हेडसाठी रात्री जागवू नका. बाजारी कॅसेटी सरळ देऊन टाका, ते सगळे आता ऑनलाइन आहे.

पांढरी_चार

फेडर यांचे तांत्रिक विवेचन मोलाचे आहे, पण मी गाणे शिकवते, त्यामुळे 'दर्जा' हा शब्द मला निराळ्या ठिकाणी लागतो.

आपण असे धरून चालतो की आधी उत्तम दर्जा होता आणि सोयीपायी तो हळूहळू गेला. ख्यालाच्या बाबतीत तसे घडलेले नाही. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तेवढ्यात अस्थाई, अंतरा आणि चार ताना उरकाव्या लागत. 1948 मध्ये एलपी आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळू लागली, तेव्हा कुठे विलंबित, म्हणजे संथ लयीचा, ख्याल तबकडीवर श्वास घेऊ लागला. कॅसेटवर 30 किंवा 45 मिनिटे, सीडीवर सलग 74. ध्वनीच्या मोजमापात कॅसेट एलपीपेक्षा कमी पडत असेल, पण ज्या संगीताची बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, अर्धा तास घेते, त्याच्यासाठी लांबी हीच दर्जाची बाब आहे. तुमच्या बैठकींच्या कॅसेटी ऐकून पाहा, कुठेतरी गायक समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येत असतानाच अ बाजू संपलेली असेल आणि ब बाजू थेट पुढच्या आवर्तनात सुरू होईल. ती गेलेली सम कोणताही बिटरेट परत आणणार नाही.

आजच्या सोयीने हीच सलगता पुन्हा तोडली आहे, हे मात्र मला खटकते. विलंबित आणि द्रुत यांचे दोन वेगळे ट्रॅक केलेले असतात, मध्ये जाहिरात येते किंवा शफल चालू राहिल्याने मारव्याचा विलंबित संपून भैरवीची ठुमरी लागते. साथीदारांची नावे बहुधा नसतातच. कॅसेटच्या आतल्या घडीच्या कागदावर तबल्याला कोण, पेटीला कोण, हे छापलेले असे; बैठकींच्या कॅसेटींवर ते वडिलांनी पेनाने लिहिले असेल. त्या प्रत्येक कागदाचा फोटो फाइलीसोबत ठेवा. काही वर्षांनी आवाजावरून साथीदार ओळखणारे कोणी राहणार नाही.

याउलट, सोयीने मला काय दिले तेही प्रामाणिकपणे सांगते. माझी विद्यार्थिनी एका संध्याकाळी पाच गायकांचा यमन शेजारी शेजारी ठेवून ऐकते. एखादी तान कळली नाही तर सूर न बदलता तिचा वेग निम्मा करून ऐकते. मी शिकत असताना एका मुद्रणासाठी कोणाच्या तरी घरी कोरी कॅसेट नेऊन ठेवायची आणि ती भरून मिळेपर्यंत तीन आठवडे वाट पाहायची, अशी रीत होती. त्या वाट पाहण्यात काही विशेष पावित्र्य होते असे मला तेव्हा वाटले नव्हते आणि आताही वाटत नाही.

आणखी एक. रूपांतर करताना हाताशी पेटी किंवा स्वरपेटी ठेवा. वेगात सुमारे 6 टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये (पेटीवरच्या लगतच्या वरच्या पट्टीत) गातो आणि आवाज अकारण कोवळा होतो. गाणे न शिकलेल्या माणसाला ते कळत नाही, कारण तानपुराही बरोबरच सरकलेला असतो.

तबकडीवाला

फेडर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. "ते सगळे आता ऑनलाइन आहे" हे चित्रपटगीतांपुरते बऱ्याच अंशी खरे असेल. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या शास्त्रीय, नाट्यसंगीताच्या आणि कीर्तनाच्या पुष्कळ कॅसेटी सीडीवरही आल्या नाहीत आणि ऑनलाइनही नाहीत. शिवाय जे ऑनलाइन आहे ते कोणत्या प्रतीवरून घेतले, त्यावर किती 'सफाई' केली, हे कोठेही लिहिलेले नसते. एकेका नावाचा शोध घ्या, सापडलेले ऐका आणि मगच ती कॅसेट हातावेगळी करा. आणि कृपा करून किलोच्या भावाने देऊ नका. जुन्या बाजारात दर रविवारी अशी पोती येतात आणि त्यांतल्या निम्म्या कॅसेटी आधीच पावसात भिजलेल्या असतात.

तुमच्या एलपी आणि लाखेच्या तबकड्यांबद्दल कोणी लिहिले नाही. लाखेच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे तिला वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीच्या सुईने वाजवल्यास ती तळाशी घासत फिरते आणि निव्वळ खरखर ऐकवते. या तबकड्या स्पिरिटने किंवा कोणत्याही अल्कोहोलने पुसू नका, लाख त्यात विरघळते. सुटकेसच्या आकाराचे स्वस्त प्लेअर हल्ली भेट म्हणून दिले जातात, त्यांची सुई जड असते. त्यावर आजोबांची तबकडी लावू नये. सगळे उभे ठेवा, आडव्या थप्प्यांत एलपी वाकतात.

एलपीचा आवाज मला प्रिय आहे, पण तो सर्वश्रेष्ठ आहे असे मी म्हणणार नाही. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे एकाच गतीने घेते, त्यामुळे बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ जेमतेम 20. म्हणजे बाजू संपत येते, द्रुत रंगते, ताना सर्वांत दाट होतात, नेमका तेव्हाच आवाज जरा फाटू लागतो. आमच्या संगीताशी या यंत्राचे एवढे एक वैर आहे.

ऐकणारा_1968

क्षमा असावी, पण 81 वर्षांच्या गृहस्थांना सहा महिन्यांनंतरचे फ्लॅक नको आहे, आज संध्याकाळचे गाणे हवे आहे. या वयात वरच्या पट्टीचे आवाज तसेही कमी ऐकू येतात. प्रथम स्पीकर बदला. फोनवर संपीडित होऊन आलेले गाणे ब्लूटूथसाठी बहुधा पुन्हा एकदा संपीडित होते, आणि मुठीएवढ्या स्पीकरला खर्जातला पंचम पेलतच नाही. बुकशेल्फ स्पीकरची एक साधी जोडी आणि फोनपासून तिथपर्यंत एक वायर, एवढ्याने निम्मे भांडण मिटेल. ॲपच्या सेटिंगमध्ये दर्जा 'ऑटो' असेल तर तोही आधी वर न्यावा.

फेडर

तबकडीवाला यांचे म्हणणे मान्य. मी घाईत लिहिले. वायरचा सल्लाही योग्य आहे. वयाबद्दल मात्र थोडे थांबा: तानपुरा नाहीसा झाल्याचे त्या घरात सर्वांत आधी ज्यांना कळले, ते 81 वर्षांचेच आहेत.

पेठेतला

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे केले ते कळवतो.

ॲपचा दर्जा खरोखरच 'ऑटो'वर होता. तो बदलला, मेहुण्याकडे पडून असलेली स्पीकरची जोडी आणली आणि फोनला वायर लावली. वडिलांनी दोन दिवस ऐकून "तानपुरा आला, पण लांब बसला आहे" असा शेरा दिला.

त्यानंतर डेक काढला. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत तिसऱ्या दुकानात मापाचा पट्टा मिळाला. हेड कापसाने आणि आयसोप्रोपिलने पुसले, तेव्हा कापूस तपकिरी झाला. दुकानदाराकडून आलेल्या दहांपैकी 1983ची एक कॅसेट लावली आणि फेडर यांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळजीच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तो स्क्रू फिरवू लागलो. सुरुवातीला काहीच होत नव्हते, किंवा मला कळत नव्हते. मग घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेऱ्यापेक्षाही कमी फिरवल्यावर, खोलीतली खिडकी कोणी उघडावी तसा आवाज बदलला. हिस वाढला, आणि त्या हिसच्या पलीकडे तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या. मागे कोणीतरी कपबशा ठेवत होते, तेही ऐकू आले. दुकानाच्या फाइलीत यातले काहीही नव्हते.

वडील शेजारच्या खोलीतून आले, पाच मिनिटे उभ्यानेच ऐकले आणि म्हणाले, "हा काळी एकमध्ये गायला होता, हे वर चालले आहे." मी फोनवरच्या तानपुऱ्याशी ताडून पाहिले तर सूर पांढरी दोनला लागत होता. बैठकीत बॅटरीवर चालणारा टेपरेकॉर्डर वापरत असत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे सेल उतरल्यामुळे भरताना टेप हळू चालली असणार आणि आता योग्य वेगाच्या डेकवर ती चढ्या सुरात वाजते आहे. मूळ मुद्रण तसेच ठेवून, वेगळी प्रत साधारण 5.6 टक्क्यांनी संथ केली. एका बाजूची लांबी पावणेदोन मिनिटांनी वाढली आणि आवाज त्या गायकाच्या वयाचा झाला.

अ बाजू जिथे संपते तिथे सम गेलेली आहे, हे पांढरी_चार यांनी न ऐकताच ओळखले होते. दोन बाजू जोडताना मी मध्ये तीन सेकंदांची शांतता ठेवली होती. वडिलांनी ती कमी करून दीड सेकंद करायला सांगितली आहे.

आतापर्यंत बैठकींच्या चार कॅसेटी झाल्या. बाजारी कॅसेटींची यादी करून शोध घेतो आहे. पहिल्या पन्नासांपैकी 17 कोठेही मिळालेल्या नाहीत, तेव्हा त्या खोक्यात परत ठेवल्या आहेत. लाखेच्या तबकड्यांसाठी योग्य सुई असलेला प्लेअर पुण्यात कोणाकडे असल्यास कृपया कळवावे. तबकड्या घेऊन मी स्वतः येईन.